प्रभात फिल्म कंपनी

भारतीय चित्रपटसृष्टीतील एक ख्यातनाम चित्रपटनिर्मितिसंस्था. स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापूर येथे. १९३३ मध्ये पुण्यास स्थलांतर. विष्णुपंत गोविंद दामले, शेख फत्तेलाल, शांताराम राजाराम वणकुद्रे (व्ही. शांताराम) व केशवराव धायबर हे चार चित्रपट-तंत्रज्ञ आणि कोल्हापूरचे सराफ सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे संस्थापक भागीदार होत. सु. दोन दशकांच्या कारकीर्दीत या संस्थेने मराठी, हिंदी व तमिळ या भाषांत मिळून सु. ४५ चित्रपट निर्माण केले. संतपट, पौराणिक व ऐतिहासिक चित्रपट आणि सामाजिक समस्यापट या तिन्ही प्रकारांत तिने घालून दिलेली प्रमाणे पुढील पिढ्यांना मार्गदर्शक ठरली. तंत्रज्ञांनी स्वतःच्या मालकीची संस्था उभारावी, ती मासिक वेतनावरील कलावंतांच्या साहाय्याने चालवावी आणि धंद्याचा नफा कलेच्या साधनांत गुंतवावा, असा हा प्रयोग होता. त्याचे यश आणि त्याची अखेर या दोहोंची कारणे त्याच्या भागीदारीच्या स्वरूपातच सापडतात.

पूर्वपीठिका : प्रभातचे मूळ बाबूराव कृष्णराव मिस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आहे. बाबूराव व त्यांचे मावसबंधू आनंदराव हे दोघेही नाटकांचे पडदे रंगविणारे कसबी चित्रकार. दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांनी प्रभावित होऊन त्यांनी स्वतःच कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये निधन पावले. परंतु बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला आणि कोल्हापुरात चित्रपटसंस्था काढली. छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय आणि गायिका तानीबाई कागलकर यांचे आर्थिक साहाय्य तिला लाभले. ‘सैरंध्री’ (१९२०), ‘सिंहगड’ (१९२३) व ‘सावकारी पाश’ (१९२५) हे तिचे गाजलेले मूकपट होत.

दामले (१८९२–१९४५) व फत्तेलाल (१८९२–१९६४) हे दोघे आनंदरावांच्या वेळेपासून या वर्तुळात होते. दामले यांचा जन्म पेणचा, तर फत्तेलाल यांचा कागलचा. दामल्यांचा कल यंत्रे, छायाचित्रण व पुढे ध्वनिमुद्रण यांकडे, तर फत्तेलालांचा चित्रकला व नेपथ्य यांकडे होता. शांताराम (१९०१–९०) हे वयाने बरेच लहान. पडेल ते काम करीत त्यांनी या संस्थेत उमेदवारी केली, ‘सावकारी पाश’ मध्ये तरुण शेतकऱ्याची भूमिका केली आणि ‘नेताजी पालकर’ (१९२७) या मूकपटाचे दिग्दर्शनही केले. म्हणजे प्रभातच्या संस्थापकांनी चित्रपटविद्या कोणत्याही विद्यालयात न शिकता, एका गुरूच्या कारखान्यात हाताने काम करून आत्मसात केली होती. गुरूची निर्मिती मंदावल्यानंतर शिष्यांनी वेगळा मार्ग पत्करला. पण वास्तवाला धरून असलेली वेशभूषा, घनाकृती नेपथ्य आणि प्रकाशयोजनेविषयीची चित्रकाराची दृष्टी हा बाबूरावांचा वारसा त्यांनी सोबत नेला.

स्थापना व मूकपटांचा कालखंड (१९२९–३१) : चौघा तंत्रज्ञांजवळ कसब होते, भांडवल नव्हते. सीतारामपंत कुलकर्णी यांनी पुरविलेल्या सु. १५,००० रुपयांच्या भांडवलावर संस्था सुरू झाली. पैसा देणारा एक आणि श्रम करणारे चार असूनही पाचही जण भागीदार होते, ही गोष्ट त्या काळी असाधारण होती. इतरत्र सामान्यतः धनिक हा मालक आणि दिग्दर्शक व छायाचित्रकार हे त्याचे नोकर, अशी रीत होती. प्रभातमध्ये कामाची वाटणीही गुणांनुसार झाली. दिग्दर्शन शांतारामांकडे, छायाचित्रण धायबरांकडे, कलाविभाग फत्तेलालांकडे आणि रसायनशाळा, यंत्रे व एकंदर व्यवस्था दामल्यांकडे होती.

‘गोपालकृष्ण’ (१९२९) हा संस्थेचा पहिला मूकपट. त्यानंतर ‘खुनी खंजर’ (१९३०), ‘रानीसाहेबा’ (१९३०), ‘उदयकाल’ (१९३०), ‘चंद्रसेना’ (१९३१) आणि ‘जुलूम’ (१९३१) असे एकूण सहा मूकपट निघाले. ‘उदयकाल’ हा शिवचरित्रावरील चित्रपट. त्याचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ असे होते. सविनय कायदेभंगाच्या त्या दिवसांत ‘स्वराज्य’ हा शब्द अभ्यवेक्षण मंडळास मानवला नाही. त्यामुळे नाव बदलून व काही भाग वगळून तो प्रदर्शित करावा लागला. त्यात शिवाजीची भूमिका खुद्द शांतारामांनी केली होती.

तुतारी फुंकून पहाटेची वर्दी देणारी स्त्री हे संस्थेचे बोधचिन्ह होय. बोलपट आल्यावर त्यास सुरांची जोड मिळाली आणि पडद्यावर ही तुतारी वाजताच प्रेक्षक सावरून बसू लागले. एखाद्या नटापेक्षा निर्मितिसंस्थेच्या नावावर तिकिटे विकली जावीत, अशी पत महाराष्ट्रात या बोधचिन्हाने मिळविली.

बोलपटात पदार्पण : मुंबईच्या इंपीरियल फिल्म कंपनीचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झाला आणि मूकपटांचा बाजार झपाट्याने ओसरू लागला. प्रभातने ध्वनिमुद्रणाची यंत्रसामग्री आणून ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा बोलपट तयार केला. मराठीतील पहिला बोलपट म्हणून त्यास ऐतिहासिक महत्त्व आहे. हरिश्चंद्र–तारामतीच्या या कथेत गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांच्या प्रमुख भूमिका होत्या. कुलीन घरातील सुशिक्षित स्त्रीने चित्रपटात काम करणे तेव्हा लोकापवादास निमंत्रण देण्यासारखे होते. दुर्गाबाईंच्या यशाने हा अडसर बराच सैल झाला.

हा चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे चित्रित झाला. एकाच नेपथ्यात प्रत्येक दृश्य आधी एका व नंतर दुसऱ्या भाषेत चित्रित करावयाचे, ही पद्धती प्रभातने पुढे जवळजवळ दहा वर्षे चालविली. यूरोपातही त्या काळी असाच प्रघात होता. बर्लिनच्या ‘उफा’ या मोठ्या चित्रपटसंस्थेने (स्थापना १९१७) ‘द ब्ल्यू एंजल’ (१९३०) हा चित्रपट जर्मन व इंग्रजी अशा दोन आवृत्त्यांत काढला होता. ध्वनिरोपणाचे तंत्र सुधारल्यानंतर यूरोपात ही रीत मागे पडली. प्रभातला मात्र ती अर्थकारणाच्या दृष्टीने आवश्यक होती. केवळ मराठी प्रेक्षकांच्या बळावर मोठ्या खर्चाचा चित्रपट तरत नसे आणि केवळ हिंदीत काढला तर घरचा प्रेक्षक दुरावे. मुंबई इलाख्यातील मराठी जिल्हे, मराठवाडा आणि नागपूर ही राजधानी असलेला मध्य प्रांत व वऱ्हाड यांत मराठी प्रेक्षक विखुरलेला होता. त्यांपैकी मध्य प्रांत व वऱ्हाड हा तर मुळातच द्वैभाषिक प्रांत. चित्रपटव्यवसायाच्या विभागणीत तो मध्य भारताशी जोडलेला होता. अशा प्रदेशात एकाच कथेच्या दोन भाषांतील प्रती उपलब्ध असणे वितरकाच्या सोयीचे होते. दक्षिणेकडील बाजारपेठेसाठी ‘सीता कल्याणम्’ (१९३४) हा तमिळ चित्रपटही प्रभातने काढला.

कोल्हापुरातील पुढील बोलपट म्हणजे ‘अग्निकंकण’ (१९३२), ‘माया मच्छिंद्र’ (१९३२), ‘सिंहगड’ (१९३३) व ‘सैरंध्री’ (१९३३) हे होत. या चित्रपटांचे संगीत गोविंदराव टेंबे यांनी दिले. संगीत नाटकाच्या परंपरेतून आलेल्या या रचना अजून रंगभूमीच्या वळणाच्याच होत्या.

जर्मनीचा प्रयोग : ‘सैरंध्री’ हा भारतीय चित्रपटांतील रंगीत चित्रीकरणाच्या पहिल्या प्रयत्नांपैकी एक. जर्मनीतील आग्फा कंपनीच्या द्विरंगी पद्धतीचा अवलंब त्यात करण्यात आला होता आणि रंगीत प्रती काढण्यासाठी शांताराम स्वतः जर्मनीस गेले. तेथे उफाच्या भव्य कलागृहांची व रसायनशाळांची पाहणी त्यांना करता आली. रंगांचा प्रयोग फसला. प्रती अस्पष्ट व भडक निघाल्या आणि प्रेक्षकांनी चित्रपटाकडे पाठ फिरविली. परंतु हा खर्च सर्वस्वी वाया गेला असे म्हणता येत नाही. चित्रपटातील गीतांच्या ध्वनिमुद्रिका जर्मनीत काढण्यात आल्या; दूरदर्शी भिंगासारखी साधने व प्रकाशयोजनेसंबंधीची नवी जाण भारतात आली. तिचे फळ पुढच्याच चित्रपटात दिसून आले.

जर्मन तंत्राचा भारतीय चित्रपटाशी संबंध याच सुमारास मुंबईतही जडला. हिमांशु राय व देविकाराणी यांनी १९३४ मध्ये स्थापिलेल्या बाँबे टॉकीजमध्ये फ्रान्झ ऑस्टेन हे दिग्दर्शक आणि योझेफ विर्शिंग हे छायाचित्रकार म्हणून काम पाहत. बाँबे टॉकीजने जर्मन तंत्रज्ञच आणले. प्रभातने तंत्र पाहून ते आपल्या माणसांकरवी राबविले. दोन्ही मार्ग फलदायी ठरले. पण प्रभातच्या मार्गाने स्थानिक कारागिरांची एक पिढी घडली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पुण्यातील कलागृह : मुंबईशी रेल्वेने जवळचा संबंध, वीजपुरवठा व विस्तारास मोकळी जागा या दृष्टींनी पुणे अधिक सोयीचे होते. १९३३ मध्ये संस्थेने पुण्याच्या एरंडवणे भागात सु. ११ एकर जागेवर कलागृह उभारले. विस्तीर्ण चित्रीकरणगृह, ध्वनिमुद्रणाची व्यवस्था, रसायनशाळा, संकलनकक्ष, सुतारकाम व रंगकाम यांचे कारखाने, वेशभूषा विभाग आणि बाह्यचित्रणासाठी तलाव अशी सर्व साधने एकाच आवारात होती. कच्ची फिल्म आत गेली की तयार प्रत बाहेर पडावी, अशी ही रचना होती. आशियातील सुसज्ज कलागृहांत तिची गणना होई. पुण्यातील किबे लक्ष्मी थिएटर (१९३४) हे चित्रपटगृह संस्थेने चालविण्यास घेतले आणि ‘प्रभात’ याच नावाने ते पुणेकरांच्या परिचयाचे झाले.

स्थलांतराच्या वेळी काही मंडळी मागे राहिली. बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक प्रभृतींनी कोल्हापूर सिनेटोनची वाट धरली आणि पुढे १९३६ मध्ये हंस पिक्चर्स ही संस्था काढली. त्यामुळे कोल्हापूरचा चित्रपटव्यवसाय खंडित न होता पुणे व कोल्हापूर ही मराठी चित्रपटांची दोन केंद्रे निर्माण झाली.

वैभवकाल (१९३४–४१) : पुण्यातील पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ (१९३४). धर्माच्या नावाने होणाऱ्या बळींविरुद्ध राजा व राजगुरू यांच्यातील संघर्ष हा त्याचा विषय. राजगुरूची भूमिका मराठीत केशवराव दाते व हिंदीत चंद्रमोहन यांनी केली. दूरदर्शी भिंगाने टिपलेला राजगुरूचा रोखलेला एकच डोळा पडदाभर दाखवून शांतारामांनी धर्मांधतेची दहशत शब्दांवाचून व्यक्त केली. मुंबईत या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीने रौप्यमहोत्सव साजरा केला. केशवराव भोळे यांनी येथूनच प्रभातच्या संगीताची धुरा घेतली. त्यांनी चित्रपटगीत रंगभूमीच्या विस्तारातून सोडवून आटोपशीर व प्रसंगाला अनुरूप केले.

‘धर्मात्मा’ (१९३५) हा संत एकनाथांच्या जीवनावरील चित्रपट. बालगंधर्वांनी त्यात एकनाथांची पुरुषभूमिका केली. अस्पृश्यतेचा निषेध करणाऱ्या या चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ असे होते. ते गांधीजींचे सूचक असल्याचा आक्षेप आल्याने बदलावे लागले. ‘अमरज्योती’ (१९३६) मध्ये पुरुषी सत्तेविरुद्ध बंड करून चाचेगिरी पत्करणाऱ्या स्त्रीची भूमिका दुर्गा खोटे यांनी केली. धायबर यांनी ‘राजपूत रमणी’ (१९३६) दिग्दर्शित केला आणि त्यानंतर ते संस्थेतून बाहेर पडले. मूळ भागीदारीला गेलेला हा पहिला तडा.

‘संत तुकाराम’ (१९३६) हा प्रभातचा सर्वांत कीर्तिमान चित्रपट दामले व फत्तेलाल यांनी संयुक्तपणे दिग्दर्शित केला. त्याची पटकथा शिवराम वाशीकर यांची, गीते शांताराम आठवले यांची, संगीत केशवराव भोळे यांचे व छायाचित्रण व्ही. अवधूत यांचे होते. तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, जिजाईच्या भूमिकेत गौरी व सालोमालोच्या भूमिकेत भागवत होते. विठ्ठलावर रागावणारी, घरातल्या उपाशी मुलांसाठी नवऱ्याशी भांडणारी आणि तरीही त्याच्यावर जीव टाकणारी जिजाई हा या चित्रपटाचा कणा होय. तिच्यामुळे भक्ती आणि भाकरी या दोहोंचा ताण सतत जागता राहतो आणि चमत्कारांची दृश्येही नित्याच्या संसारातून उगवल्यासारखी वाटतात. आठवले यांनी रचलेला एक अभंग तुकारामांचाच असावा, असा समज अनेक जाणकारांचाही झाला होता. एका मुसलमान कलावंताने वारकरी संप्रदायाच्या विश्वाशी इतके एकरूप व्हावे, याचे त्या काळी कोणास विशेष नवल वाटले नाही, ही गोष्ट प्रभातच्या वातावरणाविषयी बरेच काही सांगते. हा चित्रपट केवळ मराठीत असूनही मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. व्हेनिस येथील पाचव्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात (१९३७) त्याचा गौरव करण्यात आला. भारतीय चित्रपटास यूरोपात मिळालेल्या पहिल्या मोठ्या सन्मानांपैकी तो एक होय.

शांतारामांचे तीन सामाजिक चित्रपट हे या कालखंडाचे दुसरे शिखर. ‘कुंकू’ (१९३७, हिंदी ‘दुनिया न माने’) हा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला. फसवणुकीने वृद्ध विधुराशी विवाह लावलेली तरुणी तो विवाह मनाने स्वीकारण्यास नकार देते, ही त्याची कथा. शांता आपटे व केशवराव दाते यांनी प्रमुख भूमिका केल्या. रूढ पार्श्वसंगीत टाळून घड्याळाची टिकटिक, पावलांचे आवाज, घरगुती वस्तूंचे नाद यांचाच उपयोग त्यात केलेला आहे. जरठ-बाला विवाहाचा विषय ‘शारदा’ नाटकापासून मराठी प्रेक्षकाच्या ओळखीचा होता. परंतु येथील नायिका केवळ दयेस पात्र नसून न्याय मागणारी आहे. ‘माणूस’ (१९३९, हिंदी ‘आदमी’) मध्ये शाहू मोडक व शांता हुबळीकर यांनी पोलीस शिपाई व वेश्या यांच्या भूमिका केल्या. प्रेमभंगाने स्वतःचा नाश करून घेणाऱ्या ‘देवदास’ (१९३५) च्या नायकाला दिलेले हे उत्तर होते. जगणे हेच कर्तव्य, असा त्याचा निर्वाळा आहे. ‘शेजारी’ (१९४१, हिंदी ‘पडोसी’) ची कथा-पटकथा मूळचे अमरावतीचे असलेले विश्राम बेडेकर यांची. धरण बांधणारा भांडवलदार गावातील हिंदू व मुसलमान मित्रांत वैर पेटवितो आणि अखेर फुटत्या धरणावर दोघे एकत्र मृत्यू पावतात, असे त्याचे कथानक आहे. मराठी आवृत्तीत पाटलाची भूमिका केशवराव दाते व मिर्झाची गजानन जागीरदार यांनी केली. हिंदी आवृत्तीत हिंदूच्या भूमिकेत मजहर खान हे मुसलमान नट होते. देशाच्या फाळणीची मागणी जोर धरू लागली असतानाच हा चित्रपट प्रदर्शित झाला.

याच काळात के. नारायण काळे यांचा ‘माझा मुलगा’ (१९३८), दामले-फत्तेलाल यांचे ‘गोपालकृष्ण’ (१९३८) व ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) आणि त्यानंतरचा ‘संत सखू’ (१९४१) हे चित्रपट निघाले. ‘संत ज्ञानेश्वर’ मधील भिंत चालविण्याचे दृश्य हा तत्कालीन विशेष दृश्यतंत्राचा उत्तम नमुना मानला जातो. ‘धर्मात्मा’ पासून ‘माणूस’, ‘शेजारी’ पर्यंतच्या अनेक चित्रपटांचे संगीत मास्टर कृष्णराव यांनी दिले.

व्यवस्था व कामगारवर्ग : प्रभातमध्ये नट, गायक, सुतार, रंगारी, शिंपी व यंत्रज्ञ सर्वच मासिक वेतनावर असत. प्रमुख नटासही ठरलेल्या वेळी हजर राहावे लागे आणि भूमिका नसल्यास अन्य काम करावे लागे. कामाच्या शिस्तीसाठी संस्था प्रसिद्ध होती. तालमी दीर्घकाळ चालत. नेपथ्याचे आराखडे आधी कागदावर पक्के होत. या पद्धतीने चित्रपटाचा दर्जा टिकला व खर्चावर ताबा राहिला. तिची दुसरी बाजूही होती. करारबद्ध कलावंतास बाहेर काम करण्याची मुभा नसे आणि चित्रपटाला मिळालेल्या अमाप यशात त्याचा वाटा वेतनापुरताच राही. १९३९ मध्ये शांता आपटे यांनी कराराच्या वादातून कलागृहाच्या फाटकापाशी उपोषण केले. ‘कुंकू’ मधील न्याय मागणाऱ्या नायिकेनेच प्रत्यक्षात आपल्या संस्थेविरुद्ध हे पाऊल उचलावे, याची तेव्हा मोठी चर्चा झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या व्यवसायातील स्त्रियांच्या स्थितीवर प्रकाश टाकला. मालकीची समता पाच भागीदारांपुरतीच होती आणि कलावंतांपर्यंत ती पोहोचली नव्हती, हे या घटनेने उघड झाले.

फूट व उतरती कळा (१९४२–५३) : ‘शेजारी’ नंतर शांताराम व अन्य भागीदार यांच्यातील मतभेद विकोपास गेले. १९४२ मध्ये ते प्रभात सोडून मुंबईस गेले व तेथे त्यांनी राजकमल कलामंदिर ही स्वतःची संस्था स्थापन केली. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून अनेक अनुभवी माणसेही गेली. वितरणाची बाजू सांभाळणारे ‘फेमस’चे बाबूराव पै हे प्रभातमध्ये भागीदार झाले होते; परंतु दिग्दर्शनातील पोकळी भरून निघाली नाही.

तरीही काही उल्लेखनीय चित्रपट पुढे निघाले. राजा नेने दिग्दर्शित ‘दहा वाजता’ (१९४२, हिंदी ‘दस बजे’) लोकप्रिय झाला. ‘रामशास्त्री’ (१९४४) हा राघोबादादांना नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या न्यायाधीशावरील चित्रपट. गजानन जागीरदार यांनी नायकाची भूमिका केली. सत्तेपुढे न वाकणारा न्याय हा विषय पारतंत्र्याच्या अखेरच्या पर्वात प्रेक्षकांना भिडला. प्रभातच्या वैभवाची ही शेवटची मोठी खूण होय. दामले ५ जुलै १९४५ रोजी निधन पावले आणि मतभेदांच्या काळातही संस्थेचा तोल सांभाळणारा माणूस नाहीसा झाला. उत्तरकाळात बेडेकर यांचा ‘लाखाराणी’ (१९४५) व प्या. ला. संतोषी यांचा ‘हम एक हैं’ (१९४६) हे हिंदी चित्रपट निघाले. देव आनंद यांचे पदार्पण ‘हम एक हैं’ मध्ये झाले. गुरुदत्त यांनीही याच कलागृहात साहाय्यक व नृत्यदिग्दर्शक म्हणून उमेदवारी केली. म्हणजे मावळतीच्या काळातही प्रभातने पुढील पिढी घडविण्याचे काम केले.

संस्थेच्या ऱ्हासास बाह्य परिस्थितीही कारणीभूत होती. दुसऱ्या महायुद्धात परदेशातून येणारी कच्ची फिल्म दुर्मिळ झाली. सरकारने तिच्या वाटपावर नियंत्रण आणले आणि चित्रपटाची लांबी ११,००० फुटांपर्यंत मर्यादित केली. युद्धकाळातील नफेखोरीचा पैसा चित्रपटव्यवसायात शिरला. नवे निर्माते कलागृह न उभारता ते भाड्याने घेऊ लागले आणि नामवंत नटांना एकेका चित्रपटासाठी मोठ्या रकमा देऊ लागले. मासिक वेतनावर बारमाही कामगारवर्ग पोसणाऱ्या संस्थांना या स्पर्धेत टिकणे अशक्य झाले. कलकत्त्याची न्यू थिएटर्स (१९३१) व मुंबईची बाँबे टॉकीज या संस्थाही १९५० नंतरच्या काही वर्षांतच बंद पडल्या. भांडवलबाजारातून पैसा उभारणारी मर्यादित कंपनी असो की भागीदारी, कलागृहपद्धतीचे मरण सर्वत्र सारखेच आले. प्रभातच्या बाबतीत अंतर्गत फुटीने ते लवकर ओढवले, इतकेच. ‘संत जनाबाई’ (१९४९) नंतर निर्मिती थंडावली व १९५३ मध्ये संस्था बंद झाली.

उत्तरेतिहास : केंद्र शासनाने नेमलेल्या स. का. पाटील चौकशी समितीने (१९५१) चित्रपटशिक्षणासाठी संस्था काढण्याची शिफारस केली होती. त्यानुसार १९६० मध्ये प्रभातच्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया (आता भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था) सुरू झाली. ज्या चित्रीकरणगृहांत ‘अमृतमंथन’ व ‘कुंकू’ तयार झाले, तेथेच पुढे देशभरातील विद्यार्थी दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनिमुद्रण व संकलन शिकू लागले. ज्यांनी ही कला कारखान्यात राबून शिकली, त्यांच्या वास्तूचे विद्यालयात रूपांतर व्हावे, हा योग अर्थपूर्ण आहे. कलागृहाजवळचा ‘प्रभात रस्ता’ संस्थेचे नाव आजही चालवितो.

चित्रपटांचे जतन हा मात्र चिंतेचा विषय राहिला. त्या काळची नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही व नाशवंत असे. मूकपटांच्या काळातील मराठी निर्मितीचा फार मोठा भाग आज उपलब्ध नाही. प्रभातच्या बोलपटांच्या बाबतीत दामले यांचे पुत्र अनंतराव यांनी चित्रपटांचे हक्क पुन्हा मिळवून त्यांचे प्रदर्शन चालू ठेवले, त्यामुळे अनेक चित्रपट वाचले. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानेही त्यांच्या प्रती जतन केल्या. ८ जानेवारी २००३ रोजी नायट्रेट फिल्मच्या कोठारास लागलेल्या आगीत जुन्या भारतीय चित्रपटांच्या अनेक मूळ प्रती नष्ट झाल्या. सुरक्षित फिल्मवर आधीच उतरवून घेतलेल्या प्रतींचे मोल या घटनेने अधोरेखित केले.

मूल्यमापन : प्रभातच्या यशाचे श्रेय एकट्या दिग्दर्शकाला देता येत नाही. दामल्यांची यंत्रदृष्टी, फत्तेलालांची रंगरेषा, शांतारामांची नाट्यदृष्टी, भोळे व कृष्णराव यांचे संगीत, आपटे, वाशीकर, बेडेकर यांचे लेखन आणि शेकडो अनामिक कारागिरांचे हात यांचा तो मेळ होता. यूरोपातील उफासारख्या संस्थांच्या मागे बँका, मोठे उद्योगपती व पुढे शासन उभे होते. त्याची किंमत उफाला नाझी राजवटीत आपले स्वातंत्र्य गमावून द्यावी लागली. प्रभातच्या मागे असे कोणी नव्हते. त्यामुळे विषय निवडण्याचे स्वातंत्र्य तिने परकी सत्तेच्या नियंत्रणातही बऱ्याच अंशी राखले. पण त्याचमुळे तिचे आयुष्य भागीदारांच्या परस्परविश्वासाएवढेच ठरले. हा विश्वास टिकला तोवर एका प्रादेशिक भाषेतील संस्था अखिल भारतीय दर्जाचे व जागतिक सन्मानास पात्र ठरणारे चित्रपट काढू शकली. तो ढळल्यावर सुसज्ज कलागृह, यंत्रे व नावलौकिक हे सर्व शाबूत असूनही तिला सावरता आले नाही. भारतीय चित्रपटव्यवसायाच्या इतिहासात प्रभातचे स्थान तिच्या चित्रपटांइतकेच या अनुभवामुळेही महत्त्वाचे आहे.